शेरा: माहेरी गेली

माय,

गेल्या महिन्यात तुझं अक्षर पाहिलं. तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि घरात तुझ्या हातचं लिहिलेलं काही उरलेलं नाही. तू पत्रं लिहिणारी बाई नव्हतीस, आणि हॉस्टेलवर तुझी जी चार ओळींची कार्डं यायची ती मी सांभाळून ठेवली नाहीत. त्यामुळे संतपूरच्या पुढच्या आपल्या त्या आरोग्य उपकेंद्रात, लोखंडी कपाटाच्या तळाशी, वाळवीनं कडा खाल्लेल्या रजिस्टरांत तुझा उजवीकडे झुकलेला ‘म’ दिसला तेव्हा मी आधी हसले. तिथली आताची नर्स माझ्याकडे बघत उभी होती. मी तिला म्हटलं, हे माझ्या आईचं. ती म्हणाली, "व्हय की मॅडम, म्हातारी माणसं अजूक अक्काचा दवाखानाच म्हणत्यात ह्येला." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या आनंदात मी पानं उलटत गेले, आणि पाचेक मिनिटांत तो संपला.

मी तिथं का गेले होते ते आधी सांगते. कलबुर्गीच्या एका समितीवर मला घेतलंय. मेडिकल कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवणारी, आकड्यांतलं कळणारी म्हणून. तू मला ‘रोगी न बगणारी डॉक्टरीण’ म्हणायचीस ना, तीच मी, फक्त आता केस पिकले. समितीसमोरचा वाद सांगायला सोपा आहे. लहान केंद्रांत महिन्याला दोन-चार बाळंतपणं होतात, तिथं ना रक्त ना भूलतज्ज्ञ, तर ती चालू ठेवायची की बंद करून सगळा जोर एका मोठ्या ठिकाणी लावायचा? बंगळुरूहून येणारे एक वरिष्ठ अधिकारी आहेत, हुशार माणूस, बोलणं मऊ. ते म्हणतात, ज्या हातांना रोजची सवय नसते ते हात ऐनवेळी चुकतात. बाई रक्त वाहून मरते, आणि तिला वाचवतं ते रक्तच. त्यांचं खरं आहे. मी मुलांना वर्गात हेच शिकवते. दुसऱ्या बाजूला आपल्याच भागातला एक तालुका वैद्यकीय अधिकारी आहे, तो दर बैठकीत तावातावानं सांगतो की पावसाळ्यात नाला भरला की तुमचं मोठं ठिकाण चंद्रावर असल्यासारखंच. त्याचंही खरं आहे. दोघांकडे आपापले पुरावे आहेत, आणि दोघांचे पुरावे मी वाचलेत.

पेच पुढं आहे. रक्तसाठ्याचं आणि शस्त्रक्रियेचं एकच नवं केंद्र मंजूर होणार आहे आणि ते तिथं जाईल जिथं बाळंतिणी जास्त मरतात. योग्यच आहे ते. भिंतीवर नकाशा दाखवला होता. जिथं मृत्यू जास्त तिथं लाल, कमी तिथं पिवळा. आपला सरहद्दीचा कोपरा पांढराशुभ्र. ते अधिकारी कौतुकानं म्हणाले, या पट्ट्यात फार जुन्या काळापासून शून्य आहे, इथं काहीतरी चांगलं चाललेलं असणार. म्हणजे आपल्याकडे केंद्र नको. उलट तिथल्या आहे त्या बाळंतपणाच्या खोलीला कुलूप लावून नर्स दुसरीकडे हलवता येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि त्याच क्षणाला मला तुझा आवाज ऐकू आला, अगदी कानाशी. "आधीच लिवलंय," एवढंच. मी मागं वळून पाहिलं गं. मागं पाण्याच्या बाटल्या ठेवलेलं टेबल होतं.

तो आवाज कुठल्या दिवसाचा, ते मला तिथंच बसल्या बसल्या आठवलं. मी पंधरा वर्षांची असेन. उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत आपण राहायचो. पुढच्या खोलीत टेबल, वजनकाटा, पडदा, आणि मागं आपला स्वयंपाक. एकाच स्टोवर आधी तुझ्या सुया उकळायच्या, मग भात, आणि भाताला कधीकधी तुझ्या औषधाचा वास यायचा. मी नाक मुरडलं की तू म्हणायचीस, "खा, पोटातले किडे मरतील." त्या दिवशी दुपारी तू ज्वारीचं पीठ मळत होतीस. दारात एक माणूस आला. गावातल्याच शेतकऱ्याच्या घरचा, त्याची बायको महिनाभरापूर्वी आपल्या पुढच्या खोलीत पाय सुजलेले घेऊन बसायची, मी तिला पाहिलं होतं. तो आत आला नाही. आपल्या उंबऱ्याच्या आत ती माणसं येत नसत, तू त्यांच्या बायकांच्या पोटावर हात ठेवायचीस तरी. बाहेरूनच म्हणाला, "अक्का, गेली ती. लेकरू हाय." तू पिठावरून उठलीस. हात धुतलेस, पुसलेस, पुढच्या खोलीत गेलीस आणि मोठं रजिस्टर उघडलंस. मी मागं येऊन उभी राहिले. तू एका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ पाहिलंस आणि वही मिटलीस. मी विचारलं, "माय, लिहीत कामून न्हाईस?" तू म्हणालीस, "आधीच लिवलंय." मग माझ्याकडे वळून, मी कधी न ऐकलेल्या आवाजात, "शाळेत ह्यातलं एक अक्षर बोललीस तर जीभ हासडीन." तू मला आयुष्यात मोजून दोन-तीनदा रागावली असशील. त्यातलं हे एक. त्या संध्याकाळच्या भाकरी जाड झाल्या होत्या आणि आपण दोघींनी त्या तशाच खाल्ल्या.

एवढंच आठवत होतं मला. बाईनं मरावं आणि नर्सनं ते आधीच लिहून ठेवलेलं असावं, हे कसं, याचा विचार मी पंधराव्या वर्षी केला नाही आणि नंतरही नाही. खरं तर नंतर करायला हवा होता. माझा धंदाच तो.

म्हणून मी उपकेंद्रात गेले. समितीला सांगितलं, जुन्या नोंदी बघून येते. आणि ती ओळ सापडली. वय तीस. चौथी खेप. रक्त कमी म्हणून डोळे पांढरे, पायावर सूज, आणि त्या दोन्ही गोष्टींखाली तू लाल शाईनं रेघ ओढलेली. तपासायला तू चुकली नव्हतीस, तू कधीच चुकायची नाहीस. आणि शेवटच्या रकान्यात, शेरा: माहेरी गेली.

आपल्याकडे हा शेरा काही नवलाचा नाही. पहिलटकरणीनं सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जायचं, ही रीतच आहे. आपल्या पट्ट्यात अर्ध्या सुना उदगीर-देवणीकडच्या, म्हणजे माहेर पलीकडच्या राज्यात. बाई पलीकडे गेली की तुझ्या हद्दीतून गेली. तिथं तिचं बरं-वाईट झालं तर ते तिथल्या नर्सनं लिहायचं, आणि तिथली म्हणणार, ही तर कर्नाटकातली सून, आमच्या यादीतच नाही. दोन्हीकडच्या वह्या बरोबर आणि बाई दोन्हीकडे नाही. हे मला माहीत होतं. आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त नकाशा रंगवणाऱ्यांना नाही. पण पहिलटकरणीचं ठीक आहे गं. चौथ्या खेपेला कोण जातं माहेरी? पदरात तीन लेकरं, सासूचे हातपाय थकलेले, सुगीचे दिवस. अशी बाई माहेरी जाते म्हटलं तर आपल्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसतील. बंगळुरूच्या माणसाला त्या ओळीत काही दिसलं नसतं. मला दिसलं आणि मी खुर्चीत बसले.

मग मी सगळी रजिस्टरं काढली. पहिलटकरणी बाजूला ठेवल्या. उरल्या त्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या खेपेच्या, ज्यांच्यापुढे ‘माहेरी गेली’ लिहिलंय. फार नाहीत. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या ओळीत लाल रेघ आहे. ज्या धडधाकट होत्या त्यांचं बाळंतपण तुझ्याच हातून झालं. ज्यांची तुला भीती वाटली त्या माहेरी गेल्या. आणि हे सुरू कधी झालं तेही दिसतं, माय. बीदरला तुझा सत्कार झाला होता ना, शाल आणि काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र, ‘एकही मातामृत्यू नाही’? आपण एसटीनं गेलो होतो, तू निळी साडी नेसली होतीस आणि परत येताना मला भालकीच्या स्टँडवर पेढे घेतलेस. तोपर्यंतच्या वह्यांत हा शेरा फक्त पहिलटकरणींपुढे आहे.

नर्सला मी विचारलं, आता कसं करता? तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, आताबी तसंच हाय. निस्तं कॉम्प्युटरवर स्थलांतर म्हणून टिचकी मारायची. मारली की ती बाई आमच्या यादीतून जातीय, फुडं काय झालं त्ये कळत बी न्हाई अन् कुणी इचारत बी न्हाई." मी तिला नावं मागितली. तिचा चेहरा पडला. "न्हाई मॅडम, पाया पडते. माझ्या हद्दीत एक जरी मेलेली दिसली तर माझ्यावर नोटीस येतीय. वरचे डॉक्टर सुटत्यात, आमीच घावतो." मी तिला शब्द दिला की तिच्या काळातलं काही घेणार नाही. तिच्या जागी मला तूच दिसत होतीस. तुझ्या वेळी तर अजून कठीण. दुसऱ्या कुणाच्या हद्दीत बाई मेली तर तिचं नशीब, आणि तुझ्या हद्दीत मेली तर ‘त्यांच्यातल्या’ बाईचा निष्काळजीपणा, असं बोलायला सगळं गाव तयार होतं. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस, पण उंबऱ्याबाहेर तुला वेगळ्या कपात चहा देणारी घरं मी पाहिलीत, आणि तुला तो कप स्वतः विसळून कोनाड्यात परत ठेवताना पाहिलंय. मला त्या वयात तुझा राग यायचा. आता त्या घरांचा येतो, आणि तुझाही थोडा येतोच.

शब्द दिल्यामुळे माझ्या हातात फक्त तुझी वही उरली. पण वहीत ‘गेली’ एवढंच आहे, पुढं काय झालं ते नाही. ते घरी जाऊनच कळणार होतं. म्हणून मी यादीतल्या एकेकीच्या घरी गेले, आणि सगळ्यांत आधी त्या चौथ्या खेपेच्या बाईच्या सासरी. सासू अजून आहे. कंबरेतून वाकलीय, डोळ्यांना कमी दिसतं, पण डोकं लखलखीत. तुरीच्या शेंगा सोलत ओसरीवर बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझा हात चाचपला. "शिस्टर अक्काची लेक व्हय तू? ये बस, वर बस." वर बस म्हणाली गं ती मला. आणि स्टीलच्या ग्लासात, घरातल्या सगळ्यांच्याच ग्लासात, चहा आला.

मी सून कशी गेली ते विचारलं. तिला त्यात काही लपवायचं नव्हतं. "तुझी मायच रोज यायली बग. म्हणायली, हितं ठिवू नका, धाडा तिला, तिच्या म्हायेरी धाडा. आमी म्हणलाव, अक्का, चौथं हाय, आता कामून म्हायेरी? अन् तिची माय तर कवाच मेलेली, म्हायेर ऱ्हायलंय कुठं? चुलतभाऊ तेवढा एक. तर तुझी माय म्हणली, चुलतभावाकडं धाडा, तिथनं उदगीर जवळ हाय, मोठा दवाखाना हाय, रगत मिळतंय. हाता-पाया पडली आमच्या. शेवटाला बैलगाडीत तिनंच बसवलं तिला, हाताला धरून."

"मग?"

"मग काय. कळा सुरू झाल्या, चुलतभावानं जीप बघायला येळ लावला. लेकरू झालं जीपमधी. रगत थांबंना. दवाखान्याच्या वाटंवरच गेली." शेंग सोलायची थांबली होती ती, पुन्हा सुरू झाली. "पोरगी वाचली. पुण्याला असतीय. तिलाच दोन लेकरं हायत आता."

मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला माझ्या आईचा? तिला तो प्रश्नच कळला नाही. "कामून राग? लई केली तिनं. माती तिकडंच झालती, अन् दहाव्याला ती सरहद्दीपलीकडं त्या चुलतभावाच्या घरी आलती, चालत. भाईर बसली. चहा दिला तर घेतली न्हाई. उठली अन् गेली."

हे मला माहीत नव्हतं. दहाव्या दिवशी तू घरी काय सांगून गेली होतीस? लसीकरण म्हणून? मीटिंग म्हणून? मी आठवून आठवून थकले. चहा तू का नाही घेतलास, वेगळा कप आला म्हणून, की घशाखाली उतरला नसता म्हणून? आणि मुख्य प्रश्न, ज्यानं महिनाभर माझी झोप उडवलीय: तिला तू का धाडलंस? बीदरची बस दिवसातून दोनदा, तीही आली तर. उदगीर खरंच जवळ होतं, तिथं रक्त खरंच मिळायचं. डॉक्टर म्हणून मला आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, बरोबर सल्ला होता, मीही हाच दिला असता. मग ती घरी असतानाच तू तिला थेट दवाखान्यात का नाही नेऊन ठेवलंस? चुलतभावाच्या घरी का? कारण चुलतभावाच्या घराला माहेर म्हणता येतं. तुझ्या वहीत ‘दवाखान्यात पाठवली’ यासाठी वेगळा रकाना होता, आणि तिथं पाठवलेली बाई मेली तर ती तुझीच धरली जायची. माहेरी गेलेली नाही.

तू तिला वाचवायला धाडलंस की तुझी वही वाचवायला? मी तुझ्या बाजूनं एक एक कारण मांडते, मग विरुद्ध बाजूनं एक एक. वर्गात मुलांना शिकवते तसंच, की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात तेव्हा कुठली कशामुळे ते आकड्यांवरून सांगता येत नाही. दोन्ही खरं असेल. तुला तिची भीती वाटली असेल आणि स्वतःचीही, आणि दोन्ही भीतींना एकच रस्ता दिसला असेल. हे मला पटतं. पण मग गाडीत बसवायच्या आधी शेरा लिहिला होतास की नंतर, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे, आणि ते आता कुणीच सांगणार नाही. मला तुझी दया येते, माय. संतापही येतो, कारण तुझ्या पांढऱ्या कागदामुळे आज त्या पट्ट्यात रक्त येणार नाही. तुझ्यानंतर जिनं जिनं तो कागद पांढरा ठेवला तिच्यामुळेही, पण पहिली तू. आणि तुझ्या त्या सत्काराच्या कौतुकावर मी शिकले, मोठी झाले.

गेल्या आठवड्यात पुन्हा बैठक झाली. मी बोलले. पहिलटकरणीची रीत समजावून सांगितली, सरहद्द समजावली, दोन्ही वह्यांतून बाई कशी निसटते ते सांगितलं. तालुक्याचा तो तापट डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाला, "मी हेच म्हणतोय कधीचा!" बंगळुरूच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "मॅडम, हे मोठं आहे. खरं असेल तर आपला अख्खा नकाशा चुकीचा आहे. पण उदाहरण हवं. नाहीतर ही ऐकीव गोष्ट." मी म्हटलं, आहेत उदाहरणं, एका जुन्या रजिस्टरातली, घरी जाऊन खात्री केलेली. त्यांनी विचारलं, रजिस्टर कुणी लिहिलंय? त्यांचा मुद्दा असा की, नोंद करणारीचं नाव कळलं तर तिच्या सेवापुस्तकाशी ताडून बघता येईल, ती त्या काळी खरंच तिथं होती का, अक्षर तिचंच का. मग तो पुरावा. नावाशिवाय एक फाटकी वही, कुणीही भरावी. त्यांच्या जागी मी असते तरी हेच मागितलं असतं. कुत्सितपणे बोलले नाहीत ते, उलट मला वाट करून देत होते. मी म्हटलं, लेखी देते.

चार दिवस लागले मला ते परिशिष्ट करायला. एकेका बाईची एकेक ओळ. वय, खेप, तू ओळखलेला धोका, तुझा शेरा, घरचे काय सांगतात. तू लिहायचीस तसंच, सरळ. जिथं तू थांबलीस त्याच्या पुढं मी प्रत्येकीचं काय झालं ते लिहिलं. काही वाचल्या होत्या, तेही लिहिलं. तू धाडल्यामुळे वाचल्या असतील. दोन घरं मिळाली नाहीत, तिथं तसं म्हटलं. जीपमध्ये गेली तिच्यापाशी आल्यावर मी उठून घरभर फिरले, पाणी प्यायले, आणि परत येऊन तिची ओळ पूर्ण केली. बरं काम झालंय. माझ्या विद्यार्थ्यानं केलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. शेवटचा रकाना होता नोंद करणारीचं नाव.

आज सकाळी मी ते पाठवून दिलं. त्या रकान्यात लिहिलंय, ‘उपलब्ध नाही’.

पाठवून झाल्यावर मी स्वतःला सांगितलं की तुझं नाव राखलं. गेलेल्या माणसावर चौकशी कशाला, गावातले तुला देवासारखं मानतात, राहू दे. दिवसभर हेच घोकत होते. नावाशिवाय ती यादी बहुतेक बाजूला सारतील, आणि रक्ताचं केंद्र दुसऱ्या तालुक्याला जाईल, हेही मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात कळेलच. हा कागद मात्र कुणी ताडून बघणार नाही, म्हणून यात खरं लिहिते. त्या समितीत मी तुझी मुलगी आहे हे कुणाला माहीत नाही. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, कन्नड मी त्यांच्यासारखी बोलते, आणि त्यांना वाटतं मी बीदरच्या कुठल्यातरी जुन्या शिकलेल्या घरातली. मी तो समज कधी मोडला नाही. तुझं नाव लिहिलं असतं तर आडनाव आलं असतं, त्यामागून जात आली असती, कुणीतरी विचारलं असतं, तुम्ही या बाईंना ओळखत होतात का, आणि मला हो म्हणावं लागलं असतं. तुझं नाव मी माझ्यासाठी वगळलं, माय.